एकोणचाळीस नंबरचं विमान

१

वही होती, पान नव्हतं. चोराने अख्खी वही नेली असती तर मला एवढा संताप आला नसता. त्याने मधलं एक पान शिवणीजवळ ब्लेडने कापलं आणि वही पुन्हा नीट कपाटात ठेवून दिली, जणू आमच्यावर उपकारच केले.

ती वही माझ्या मोठ्या भावाची, देवमन तेलगोटेची. दादा अकोल्याला टिळक रस्त्यावरच्या सायकलच्या दुकानात रंगारी. नव्या सायकलीच्या दांडीवर कंपनीचं नाव दिसतं ना, ते हाताने रंगवलेलं नसतं. कागदावर छापलेलं पातळ चित्र पाण्यात भिजवायचं, कागदावरून दांडीवर सरकवायचं आणि फडक्याने टिपायचं. दुकानात त्याला छाप म्हणतात. दादाच्या हाताखालून अशा हजारो छापा गेल्या असतील.

पण वही सायकलींची नव्हती. लढाईच्या काळात, चव्वेचाळीस साली, दादा एकोणीस वर्षांचा होता. इंफाळच्या बाजूला पडलेली जपानी लढाऊ विमानं तोडून, ओढून आणायच्या कामावर एक तुकडी होती, तिच्यात तो मजूर होता. विमान तोडायच्या आधी त्याच्या शेपटीवरचं आणि पंखांवरचं चित्र दादा वहीत उतरवून घ्यायचा. कोणी सांगितलं नव्हतं. विमान गेल्यावर हे कोणाला कळणार, एवढंच त्याच्या मनात. चौथी शिकलेला माणूस, सगळा मजकूर मराठीत. मापं वितींत आणि बोटांत, तीही अक्षरांत लिहिलेली. ‘गोळा तीन विती चार बोटं. लाल, पण कुंकवासारखा नाही, विटेसारखा.’ अशी ती वही.

सतरा वर्षं ती ट्रंकेत पडून होती. मग अमरावतीत विमान-नमुना मंडळ निघालं. विलायतेहून खोक्यात प्लास्टिकचे सुटे भाग यायचे, ते जोडले की हातभर पंखांचं विमान तयार. जपानी विमानाच्या खोक्यातल्या छापा मात्र अगदीच टाकाऊ असायच्या. लाल गोळा नारिंगी निघायचा आणि वाळला की तडकायचा. दादाने वही काढली, स्वतः आखून, छापून घेऊन वेगळ्या छापा केल्या. आधी मंडळासाठी, मग पोस्टाने जबलपूरला, पुण्याला. आणि चौसष्टच्या जानेवारीत मुंबईच्या एका खेळण्यांच्या मोठ्या दुकानाचं पत्र आलं. तुमच्या छापा आम्ही देशभर विकू, प्रत्येक तावावर करणाऱ्याचं नाव छापू. मात्र रविवारी आमचे मॅनेजर येतील, त्यांना मूळ वही दाखवा. पहिला ताव तुम्ही कळवलेल्या त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या विमानाचा हवा.

तेच पान गेलं होतं. वार होता गुरुवार.

वही दादाने आठवडाभर आधी मंडळाच्या खोलीतल्या कपाटात ठेवली होती. कपाटाला तीन किल्ल्या. एक अध्यक्ष खुशालरावांकडे, एक चिटणीस महादेवरावांकडे, एक छापखानेवाल्या नत्थुजींकडे. दादाकडे एकही नव्हती.

२

मी अमरावतीला नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. फ्रेजरपुऱ्यात राहते. दादा गुरुवारी दुपारी बडनेऱ्याहून टांग्याने मंडळात गेला, नत्थुजींच्या किल्लीने कपाट उघडवून वही पाहिली आणि तसाच माझ्याकडे येऊन पाणीही न पिता म्हणाला, “पंचफुले, पान कापलं. आता लोक म्हणतीन, पान नव्हतंच.”

“कोण म्हणते?”

“म्हणून राहिले ना. सायकलीवर छापा मारनारा मानूस, हा कुठला इंफाळले गेला!”

ते मला झोंबलं. पोलिसांत जाऊन उपयोग नव्हता. वहीच्या एका पानाची चोरी ऐकून शिपाईसुद्धा हसला असता. तिघांना मीच भेटायचं ठरवलं. माझ्यासमोर वर्गात चाळीस मुली खोटं बोलतात, तीन बाप्ये काय जास्त बोलणार आहेत?

महादेवराव हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. मी गेले तेव्हा ते फळ्यावर मडकं काढत होते. पान गेल्याचं ऐकून खडू त्यांच्या हातातून पडला. खोटं असेल तर नाटक फार चांगलं होतं.

“बाई, त्या वहीतलं दुसरं एक पान मीच मोठं करून काढलं होतं. तुमच्या भावाच्या मांडीला मांडी लावून दोन दिवस बसलो. एकेक रेघ विचारून घेतली. हे काय, ते काय. चौथी पास माणूस, पण नजर पाहा! मला तसं पान कापायचं काय कारण? पाहिजे असतं तर मागितलं असतं.”

“किल्ली कोणाला दिली होती?”

“नाही. घरी खुंटीला आहे.”

नत्थुजींचा छापखाना जवाहर गेटच्या आत. अंगावर शाईचं धोतर, तोंडात पान. कापसाच्या गाठींची लेबलं छापून त्यांचा धंदा चालायचा आणि दादाच्या छापा ते हौसेने छापून द्यायचे.

“मी काहून चोरू बाई? सगळा माल मीच तं छापतो. पान माह्याच हाती येनार होतं.” मग ते हसायला लागले. “पयल्या खेपेले तुमच्या भावानं मले मारलंच असतं. मी नंबर चुकीचा छापला, पन्नास ताव वाया गेले. मंग बिचारा इथंच, या स्टुलावर माह्या बाजूले बसला अन् वही कशी वाचायची ते सांगतलं. तवापासून एक चूक नाही.”

मला त्या हसण्यात काही वावगं दिसलं नाही. पण चोर हसतच नाहीत असंही नाही.

खुशालराव दर्यापूरकडचे मोठे शेतीवाले, कापसाचे जिनिंगवाले. मंडळ त्यांनीच काढलं, खोकी तेच मागवायचे. माणूस गोड. त्यांच्या कॅम्पातल्या घरी गेलो तेव्हा दादाही सोबत होता. त्याने रविवारसाठी तयार केलेलं, वहीतल्या दुसऱ्या एका पानावरचं विमान पुढे केलं.

“वा, देवमन, वा! ठेव तिथं.” त्यांनी टेबलाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. दादाने ठेवलं, मागे सरकला, मग खुशालरावांनी ते उचललं. मंडळ सुरू झाल्यापासून हे असंच चालत आलेलं. मला बसायला खुर्ची मिळाली, कारण मी मास्तरीण. दादा दारापाशी उभा.

“बाई, मी ती वही कधी उघडूनसुद्धा पाहिली नाही,” ते म्हणाले. “मले काय कळते त्यातलं! आपलं काम देवमनच्या पाठीशी उभं राहनं. आता त्या एकतीस नंबरच्या विमानापायी मंडळात भांडन नको, एवढंच माहं म्हननं. मॅनेजर येतीन, त्यायले दुसरं पान दाखवू. अन् नावाचं म्हनाल तं तावावर मंडळाचं नाव टाकू. भानगडच नको.”

दादा तर त्या विमानाला कायम एकोणचाळीस म्हणतो. मी मनात म्हटलं, जिनवाल्याला गाठींचे नंबर लक्षात राहतात, विमानांचे कशाला राहतील. आणि आम्ही निघालो.

फाटकाबाहेर दादा म्हणाला, “मंडळाचं नाव. वीस वर्सं वही म्या सांभाळली, अन् नाव मंडळाचं!”

३

शुक्रवारी संध्याकाळी मंडळाची बैठक होती. मी न बोलावता गेले. दादा भिंतीशी उभा होता. खुशालरावांनी जड चेहऱ्याने एक पाकीट उघडलं. नागपूरहून आलं होतं, एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याचं. मंडळामार्फत मुंबईच्या मॅनेजरांना द्यावं, अशी विनंती होती.

त्यात लिहिलं होतं की लढाईत आपण स्वतः इंफाळला होतो. पांढऱ्या पट्ट्यांचं ते जपानी विमान आपण डोळ्यांनी पाहिलं, त्याचं चित्र सोबत जोडलं आहे. अकोल्याचे कोणी गृहस्थ त्याच्या छापा आपल्या म्हणून विकू पाहतात असं कानावर आलं, म्हणून लिहिणं भाग पडलं.

चित्र हातोहात फिरलं. सुंदर काढलं होतं, नागपूरच्या कोणत्या तरी चांगल्या चित्रकाराकडून करून घेतलेलं. विटेसारखा लाल गोळा. शेपटीवर तीन पांढरे पट्टे, मधला जरा वाकडा. डाव्या पंखावर ठिगळ. आणि शेपटीवर मोठा, इंग्रजी वळणाचा नंबर, 31.

“देवमन,” खुशालराव हळूच म्हणाले, “तुहा नंबर कोनता होता?”

“एकोनचाळीस.”

कोणी तरी खाकरलं. एक जण म्हणाला, “साहेब लोकायनं पाह्यलं ते खरं असन बुवा.”

दादाने चित्र डोळ्यांजवळ धरलं. मला वाटलं, आता याचा धीर सुटतो. पण त्याचा आवाज जराही हलला नाही.

“हे माह्यंच पान हाये. ठिगळ माह्यं, वाकडा पट्टा माह्या. तो पट्टा इमानावर वाकडा नव्हताच. माह्या पेन्सिलीचं टोक मोडलं म्हनून तो वाकडा झाला, अन् म्या तसाच ठेवला. हा साहेब म्हनते डोळ्यानं पाह्यलं, मंग माह्यी मोडकी पेन्सिल यानं इमानावर कशी पाह्यली?”

“हे तुहं सांगनं झालं,” तोच माणूस म्हणाला. “पान कुठं हाये दाखवाले?”

पान नव्हतंच. रविवारला एक दिवस उरला होता. घरी परतताना दादा वाटभर एकच विचारत होता, “चोरानं समदं जसंच्या तसं उचललं. नंबरच तेवढा काहून बदलला?”

४

शनिवारी सकाळची शाळा. पाचवीच्या मुलींना नुकतंच इंग्रजी सुरू झालेलं, त्यांच्या वह्या तपासायला घेतल्या. मी इंग्रजी आकड्यांत गणितं दिली होती आणि उत्तरं मराठीत लिहायला सांगितली होती. पहिली वही चूक. दुसरी चूक. तिसऱ्या वहीला माझा पारा चढला आणि चौथ्या वहीला उतरला. सगळ्या मुलींनी एकच चूक केली होती. मी तांबड्या पेन्सिलीने फुली मारायची थांबले आणि त्या वह्यांकडे बघत राहिले.

चोराने नंबर बदललाच नव्हता. आणि पान कोणी कापलं, हेही मला तेव्हाच कळलं.

दुपारी घरी गेले. दादा ओट्यावर बसला होता. मी म्हटलं, “उद्या दाढी कर, पांढरा सदरा घाल. आणि दारापाशी उभा राहू नकोस.”

५

रविवारी दहा वाजता मंडळाची खोली भरली. मुंबईचे मॅनेजर मधल्या खुर्चीवर, टापटीप माणूस, गुडघ्यावर चामडी बॅग. नागपूरचं चित्र त्यांच्यासमोर होतं, शेजारी पान नसलेली वही. खुशालराव सगळ्यांना चहा द्यायला सांगत होते. दादा पहिल्या रांगेत बसला होता. दोघांनी खुर्च्या जरा बाजूला घेतल्या, पण तो हलला नाही.

मी महादेवरावांकडून फळा मागून आणला होता. मॅनेजरांना म्हटलं, “साहेब, निकाल देण्याआधी पाचच मिनिटं माझ्या वर्गात बसा.”

ते हसले. मी फळ्यावर दादाच्या त्या पानातली ओळ लिहिली. दादाला ती तोंडपाठ होती.

‘शेपटीवर पांढऱ्या रंगात 39, खाली तीन पट्टे.’

“वाचा ना, मोठ्याने.”

मॅनेजर एका दमात म्हणाले, “शेपटीवर पांढऱ्या रंगात एकतीस, खाली तीन पट्टे.”

खोलीत कुजबुज झाली. मी फळ्यावर बोट ठेवलं.

“साहेब, एकतीस नव्हे. हे एकोणचाळीस आहे. दादाला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. विमानावरचा नंबर त्याने चित्र काढावं तसा उतरवला, इंग्रजी वळणाने. बाकी सगळं मराठी. इंग्रजी तीन आपल्या तिनासारखाच दिसतो, आणि इंग्रजी नऊ दिसतो आपल्या एकासारखा. मराठी ओळीच्या मधोमध तो आला की शहाणा माणूसही एकतीसच वाचतो. माझ्या वर्गात सगळ्या मुली फसल्या, आत्ता तुम्ही फसलात.”

मॅनेजरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. “खरंच की!”

“आता उलटं करून बघा. ज्याने विमान डोळ्यांनी पाहिलं, त्याने इंग्रजी नंबर पाहिला. तो चुकून एकोणचाळीसचा एकतीस करणार नाही. ही चूक विमानावर होऊच शकत नाही, ती फक्त मराठी पानावर होते. म्हणजे नागपूरच्या साहेबांनी विमान पाहिलेलं नाही. त्यांच्या चित्रकाराला कोणी तरी पान वाचून यादी दिली आहे. गोळा असा, पट्टे असे, मधला वाकडा, नंबर एकतीस. आणि ते पान माझ्या भावाचं आहे.”

दादाने वही उचलून मांडीवर घेतली.

“मंग वाचलं कोनं?” नत्थुजी ओरडले.

“तुम्ही नाही, नत्थुजी. तुम्ही पहिल्या खेपेलाच हीच चूक केली होती, पन्नास ताव घालवून. मग दादा तुमच्या शेजारी स्टुलावर बसला आणि तुम्हाला नऊ कळला. महादेवरावही नाहीत. ते दादाच्या मांडीला मांडी लावून दोन दिवस बसले, त्यांनाही नऊ कळला. किल्ल्या तीन. दोघांना वही वाचता येते, कारण ते दोघं माझ्या भावाजवळ बसले.”

एवढं बोलून मी थांबले. सगळ्यांच्या माना वळल्या.

खुशालराव अजून हसत होते. “बाई, तुमी मले चोर म्हनून राहिल्या? अवं, मी ती वही कधी उघडून पाह्यली नाही, हे तं मी तुमाले सांगतलं!”

“सांगितलं. गुरुवारी, तुमच्या घरी. आणि त्याच दमात म्हणालात, एकतीस नंबरच्या विमानापायी भांडण नको. नागपूरचं पत्र उघडलं शुक्रवारी संध्याकाळी. दादाने आयुष्यात त्या विमानाला एकोणचाळीसशिवाय काही म्हटलेलं नाही. मग वही उघडलीच नाही, तर गुरुवारी तुमच्या तोंडात एकतीस आलं कुठून?”

ते हसू हळूहळू गेलं. चहाचा कप त्यांनी बशीत ठेवला.

“ठेव तिथं, ठेव तिथं,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला. “तीन वर्षं माझ्या भावाच्या हातच्या वस्तू तुम्ही कोपऱ्यावरून उचलल्या. एकदा, एकदाच त्याला शेजारी बसवून घेतलं असतं, तर त्याने तुम्हालाही वही वाचायला शिकवली असती. मग तुमची चोरी कोणाच्या बापाला सापडली नसती!”

मग खुशालराव बोलले. आवाजात गोडवा नव्हता, पण खोटेपणाही नव्हता.

“नागपूरचे ते माहे साडू होत. मंडळ मी काढलं. खोकी मी मागवली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, समद्या दुकानात वऱ्हाडचं एक नाव जानार, अन् ते कोनतं, तं तेलगोटे? लोक मले तोंडावर हसले असते. देवमनले मी पैसे देनारच होतो. वाईट करायचं नव्हतं मले.”

“पैशे कोनं मांगतले?” दादा म्हणाला. त्या दिवशीचं त्याचं हे पहिलंच वाक्य. “पान कुठं हाये?”

खुशालरावांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला पिवळा कागद काढला आणि सवयीने टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला.

दादा उठला नाही. “हातात द्या,” तो म्हणाला.

भरल्या खोलीत अध्यक्ष उठले. कागद उचलला, पहिल्या रांगेपर्यंत चालत आले आणि दादाच्या हातात दिला. दोघांची बोटं लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. ज्याला बघायचं त्याने बघावं.

मॅनेजरांनी पान घेऊन भिंग लावून पाहिलं. वाकडा पट्टा, ठिगळ, आणि पेन्सिलीने चितारलेला, नीट गोल पोटाचा नऊ. मग त्यांनी बॅगेतून कागद काढले.

“मिस्टर देवमन, करार तुमच्याशीच. तावाच्या खाली एवढीशी पट्टी असते, तिथे तुमचं नाव येईल.” ते जरा घुटमळले. “डी. शेषराव, अकोला, असं टाकू का? सुटसुटीत दिसेल. गिऱ्हाइकाच्या तोंडी बसेल.”

“नाई. देवमन शेषराव तेलगोटे, अकोला. मराठीत बी अन् इंग्रजीत बी.”

“अहो, पण पट्टी केवढी, नाव केवढं! विमान एवढं मोठं छापल्यावर आडनावाला जागाच उरत नाही.”

दादाने त्यांच्या हातातलं पेन घेतलं, करारावर तिन्ही नावं सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून लिहिली, आणि कागद परत केला.

“मंग इमान लहान करा,” तो म्हणाला.